रक्तात न उतरणारी गाळणी

"मॅडम, ज्यांना लहानपणी गाळणी टोचली, त्यांच्यापैकी किती जणांनी मोठेपणी आपल्या मुलांना ती टोचायला नकार दिला?"

शेवटच्या रांगेत रुजुता आणि आफरीन खिदळल्या. "विचारूनच दाखव!" अशी पैज त्यांनीच लावली होती, आणि दहावीतल्या शर्वाणी हावळने भर सभागृहात उभं राहून विचारलंसुद्धा!

मंचावरच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. कोठावळे प्रसन्न हसल्या. "एकानंही नाही! पस्तीस वर्षांत एकही नाही. याहून मोठी पावती कुठली हवी?"

टाळ्या पडल्या. शर्वाणी खाली बसलीच नाही. "की नकार द्यावासा वाटणंच गाळलं जातं, मॅडम?"

"बाळ, उद्धटपणा गाळणारी गाळणी अजून निघालेली नाही. बस."

सगळं सभागृह हसलं. रुजुता आणि आफरीनसुद्धा.

आता ही गाळणी म्हणजे काय? आपल्या मेंदूवर दर क्षणाला आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा मारा चाललेला असतो. बहुतेकांचा मेंदू त्यातलं बरंचसं दारातच अडवतो. पुष्कळ स्वमग्न माणसांचा मेंदू अडवत नाही. तांदूळही आत, खडेही आत! गाळणी ही मेंदूतल्या पेशींना अडवायला शिकवणारी लस. एकदा टोचली की परत फिरणं नाही. पण ती बीजपेशींपर्यंत पोचत नाही, म्हणून न अडवण्याचा तो गुण पुढच्या पिढीत पुन्हा उगवू शकतो आणि पुन्हा टोचावं लागतं. सोळा वर्षं पुरी व्हायच्या आत, आणि ज्या पालकाच्या घराण्यातून गुण आला त्याच्याच सहीने. त्यालाच मुलाचं दुखणं कळणार ना, असं नियम करणाऱ्यांना वाटलं.

शर्वाणीला सोळा पुरी व्हायला नऊ दिवस होते. ती सायंकाळी उशिराच घरी आली. गाळणीच्या संमतीचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता.

"शाळेतून फोन आला होता," आई म्हणाली. "तोंड वर करून बोललीस म्हणे."

"हो. टाळ्या मॅडमनाच पडल्या, काळजी करू नकोस."

पप्पांनी पेन उघडलं. त्यांना स्वतःला बाराव्या वर्षी टोचलं होतं. "मामाच्या लग्नात बँड वाजला आणि तू भटारखान्यात पिंपामागे जाऊन बसलीस. सगळे विचारत होते."

"मग तुमची लाज वाचवायला टोचून घेऊ?"

"माझी नाही, तुझी! मी कानात कापूस कोंबून रडायचो गं. मला आठवतंय."

"आणि नाचायचात ते?"

"कोण नाचायचं?"

शर्वाणीचे आजोबा, म्हणजे पप्पांचे वडील, इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. चोवीस माग एकदम धडाडत असताना कुठल्या मागाचा आडवा दोरा नेणारा धोटा अडकणार, हे ते नुसतं ऐकून सांगत.

"तुम्हीपण सांगायचात, आठ वर्षांचे असताना. बरोबर आलं की मागांच्या मधल्या बोळातून नाचत सुटायचात. आजोबांनी सांगितलं."

पप्पा खरोखरच गोंधळले. "म्हाताऱ्याला भ्रम झालाय."

तिने मोबाईलवर आजोबांच्या कारखान्यातला आवाज लावला. "ऐका. कुठला माग बिघडलाय?"

पप्पांनी ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं. मग कपाळाला आठ्या पडल्या. "नुसता गोंगाट आहे. बंद कर."

"एकाचा ठोका लंगडतोय, पप्पा! मला इथे बसून हसू येतंय त्याचं. तुमच्याकडे रडणं तेवढं राहिलं. नाचणं गेलं, आणि गेलं हेही तुम्हाला कळलं नाही."

"तुझ्या भल्यासाठीच करतोय ना मी?"

"पस्तीस वर्षं सगळे हेच म्हणतायत."

"बास! फार शहाणी झालीस." पप्पांनी सही केली. आईने फॉर्म उचलून त्याची घडी घातली, जणू शर्वाणी तो हिसकावूनच घेणार होती.

शर्वाणीने हातही पुढे केला नाही.

"राहू दे तुमच्याकडेच. शाळा सुटल्यावर मी लसीकरणाच्या कचेरीत हरकत देऊन आलेय. सही घराण्यातल्या माणसाची लागते. मी लिहून दिलंय, त्या घराण्यातली आता दोनच माणसं उरलीत, मी आणि आजोबा. तुमच्या वेळी सही करून ते पस्तावलेत, आता पुन्हा करणार नाहीत. हरकतीचा निकाल लागेपर्यंत टोचता येत नाही, आणि तोवर मला सोळा पुरी होतील. मी उद्या त्यांच्याकडे राहायला जातेय. आणि पप्पा, त्या कागदावर तुमच्या नावापुढे मी 'परके' असं लिहिलंय."