अर्धे तीन, पुलावर

यादीत अठरा जण होते आणि मोजले तेव्हा एकोणीस भरले.

मी पुन्हा मोजलं. धुकं इतकं दाट होतं की शेवटच्या रांगेतल्यांच्या नुसत्या टोप्याच दिसत होत्या. सतरा, अठरा… आणि त्यांच्या मागे, जरा बाजूला, एक उंच तरुण. पाऊस नव्हता, तरी त्याचे केस ओले होते. कपाळाला चिकटलेले, अगदी निथळणारे.

"तुम्ही अर्ध्या दिवसाचे की पूर्ण दिवसाचे?" मी विचारलं.

"फरक काय असतो?"

"अर्ध्या दिवसात चौक, मनोरा, मासळीबाजार आणि चॉकलेट. पूर्ण दिवसात त्याशिवाय पुलापलीकडचा मठ, तळं आणि होडी."

"आणि तुम्ही कशात असता?"

"मी अर्ध्यातच. पुलापर्यंत. मग बसने परत ओस्टेंडला."

"मग मलाही अर्धाच द्या," तो म्हणाला आणि असा हसला की मी क्षणभर यादी कुठे धरलीय तेच विसरले.

"नाव—" मी पेन उघडलं आणि जीभ चावली.

गोडेलीव्हबाई आमच्या कंपनीच्या मालकीण. ब्रुजमध्ये लोकांना हिंडवायला लागून त्यांना तीस वर्षं झाली. पुलापासून पुढची पूर्ण दिवसवाली माणसं त्याच नेतात. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "धुक्यात कधीकधी एक माणूस जास्त भरतो, पोरी. त्याला नाव विचारायचं नाही. मठाच्या पुलापर्यंत चालू द्यायचं, तिथे तो आपणहून जातो. नाव विचारलंस, तर तुझ्याबरोबर घरी येतो." मी तेव्हा खो खो हसले होते. बाई हसल्या नव्हत्या.

त्या दुपारी पुलावर पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. तो कठड्याच्या बाजूच्या लोखंडी पायऱ्या उतरत होता. त्या पायऱ्या कुठेही जात नाहीत, थेट कालव्याच्या पाण्यात जातात. मी धावत कठड्याशी गेले. खाली कोणी नव्हतं. काळ्या पाण्यावर एक वर्तुळ पसरत होतं, बस्स.

शहाण्या मुलीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली असती. मी नवीन स्कार्फ घातला.

तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. रोज धुकं, रोज एक जास्त, रोज ओले केस. चौकात त्याने माझ्या हातातली छत्री घेतली, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांना लागली… बर्फासारखी गार! अंगाला कालव्याचा वास. गरम, तळलेलं क्रोकेट खायला पुढे केलं तर म्हणायचा, "आत्ता नको, खाली जायचंय." खाली? कुठे खाली? एकदा सगळ्यांचा फोटो घेतला, त्यात तो नव्हताच. (फोटो त्यानेच काढला होता, हे मला फार उशिरा आठवलं. भीती आणि प्रेम, दोन्हींत माणसाची अक्कल सारखीच चरायला जाते.)

"वेर्ले, तू पुलापलीकडे का येत नाहीस?" त्याने एकदा विचारलं. माझं नाव कोटावरच्या बिल्ल्यावर असतं.

"मला अर्ध्यात निघालेलं बरं वाटतं. कॉलेज अर्ध्यात सोडलं. साखरपुडा झाला, तोही अर्ध्यात सोडला. शेवटापर्यंत थांबलं की काहीतरी वाईटच बघावं लागतं."

"म्हणून तू सहलीत सांगतेस त्या गोष्टीतल्या राजकन्येचं पुढे काय झालं ते सांगत नाहीस?"

"ते पूर्ण दिवसवाल्यांना कळतं. तिकीट वेगळं आहे."

"लबाड!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "सगळ्यांना नावाने हाक मारतेस. मला कधी विचारलंसुद्धा नाहीस…"

"राहू दे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मला ते नाव जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं.

बाराव्या दिवशी पुलावर तो थांबला. "माझं इथलं उद्या संपतंय. फार तर तासाभराचं उरलंय. परवा मी नसेन."

मी कोटावरचा बिल्ला उगाच सरळ केला.

"उद्या मला पूर्ण दिवस दे ना, वेर्ले. निदान उरलेला तरी."

"अर्धे तीनला माझी बस सुटते," मी म्हणाले. "इथे ये. तू आलास तर मी चढणार नाही."

"अर्धे तीन. पुलावर." तो पायऱ्या उतरून गेला.

आम्ही इथले लोक अडीचला अर्धे तीन म्हणतो, तिसरा तास अर्धा झाला म्हणून. मठाच्या घंटासुद्धा तसंच मानतात. अडीचला लहान घंटा बारीक आवाजात तीन टोले देते आणि तीनला मोठी घंटा तेच तीन टोले ठणकावून देते. त्याच्याशी मी त्याच्या भाषेत, इंग्रजीत बोलायचे खरी, पण घड्याळ माझ्याच भाषेतलं सांगायचे.

दुसऱ्या दिवशी यादीत बावीस आणि मोजले तेही बावीसच. आकडा जुळला म्हणून रडू आलेली मी पहिलीच गाइड असेन.

पुलावर लहान घंटेने तीन टोले दिले. तो आला नाही. बसचं इंजिन सुरू झालं.

"चढतेस ना पोरी?" ड्रायव्हर व्हान्नेसकाकांनी हाक दिली. "की लोकांना इथेच मुक्कामाला ठेवू?"

मी एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात पलीकडे निघालेल्या गोडेलीव्हबाई माझ्यापाशी थांबल्या.

"कोणाची वाट बघतेस?"

मी लोखंडी पायऱ्यांकडे पाहिलं.

"नाव विचारलं नाहीस ना?"

"नाही."

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. "मीही नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली."

"मग?"

"मग काय? बस पकडली." आणि आपली माणसं घेऊन त्या धुक्यात गेल्या.

मी पाय खाली घेतला. बस गेली.

त्यानंतरचा तास मला कोणी परत दिला तरी नको. मोठ्या घंटेने तीन दिले. हंससुद्धा दिसेनासे झाले. मग पुलाखाली बुडबुडे आले… आधी एक, मग खूप. पाण्यातून एक काळा हात वर आला आणि त्याने लोखंडी पायरी धरली. मग काळं डोकं. डोळ्यांच्या जागी काच. ते पायरी पायरी माझ्याकडे चढत होतं. मी पळाले नाही. शूर होते म्हणून नव्हे, बस गेली होती म्हणून.

त्याने काच वर सरकवली. ओले केस!

"अगं, आधीच आलीस? अजून दोन मिनिटं आहेत!"

"आधीच? तासभर थांबलेय मी! अर्धे तीन म्हणाले होते ना?"

"मग! हाफ थ्री म्हणजे साडेतीन!"

"अडीच!"

तेवढ्यात लहान घंटेने चार टोले दिले.

"बघ, तुमची घंटा तर चार म्हणतेय," तो म्हणाला. "तुम्ही लोक आहात तरी कसे?"

वळणाआडच्या तराफ्यावरून त्याच्या सोबत्याने काहीतरी हाक मारली. पुलाच्या पायाचे दगड निखळले होते, ते बसवणारा हा पाणबुड्या! सकाळी एक बुडी, दुपारी एक, आणि मधल्या वेळात माझ्यामागे फुकटची सहल. भरल्या पोटी बुडी मारत नाहीत, म्हणून क्रोकेट नको. पायऱ्यांखाली बांधलेल्या होडक्यातून तो पुलाखालून तराफ्यावर जायचा. आज सकाळी सामान बांधत होता, म्हणून सहलीला नव्हता.

"तुला काय वाटलं, मी कोण आहे?"

मी यादी उघडली, पेन काढलं. पाणबुड्याचीही भीती वाटतेच, उद्या जाणार असेल तर.

"नाव काय तुझं?"

"लॉर्कन."

मी तेविसाव्या ओळीवर लिहिलं. "लॉर्कन, मी तुझ्या प्रेमात पडलेय. आणि या वेळी मला शेवटापर्यंत थांबायचंय."

"उद्याचं तिकीट परत करतो," तो म्हणाला. गार ओठ माझ्या कपाळाला लागले. "पूर्ण दिवस?"

"पूर्ण."

तेवढ्यात मठाच्या दारातून बाईंची माणसं बाहेर आली. बाई मोजत होत्या. त्या थांबल्या. पुन्हा मोजलं. रांगेच्या मागे, जरा बाजूला, धुक्यात कोणीतरी उभं होतं. मला चेहरा दिसला नाही, केस पांढरे होते आणि ओले होते.

मी लॉर्कनचा हात घट्ट धरला. "तुमच्यातला आहे?"

"आम्ही दोघेच आहोत," तो कुजबुजला. "दुसरा तराफ्यावर आहे."

बाईंनी यादी मिटली, रांग ओलांडून मागे गेल्या आणि मान वर करून अगदी हळू विचारलं, "नाव काय हो तुमचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज मुलीसारखा हसरा होता.

"घरी पाहुणे आलेत, पोरी. आजचा पूर्ण दिवस तू ने."