धाररावांचा कौल

उजाडलं तेव्हा खडजाईगडाच्या तटावरून खाली दिसत होती ती बादशाही तंबूंची न संपणारी पांढरी रांग, आणि वर, आटलेल्या टाक्याच्या तळाशी, चिखलात फडकी बुडवून ती लेकरांच्या तोंडात पिळणाऱ्या बाया. धान्य होतं. पाणी संपलं होतं.

त्याच वेळी बादशाही सरदाराचा जासूद दरवाजाखाली येऊन ओरडला, "रायाजी देसाई न लढता तुमच्या हाती गेला, तो आमचा फितूर आहे. मावळतीच्या आत तो आमच्या हवाली करा, गडावरच्या प्रत्येक जिवाला वाट मोकळी!"

हा रायाजी त्या सरदाराचाच चाकर. त्यानं पायथ्याची पेठ माणसांसकट जाळली होती. पुढे तो माचीवर कोंडला गेला, तेव्हा किल्लेदार धारराव काकड्यांनी बेलाची पानं आणि खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन त्याला कौल दिला : शस्त्र ठेव, जीव राखीन. त्या शब्दावर तो न लढता कैदेत आला होता.

सरनोबतानं धाररावांना मुजरा केला. "साहेब, हुकूम व्हावा. मुसक्या बांधून उतरवतो."

"त्याला कौल आहे."

"कौल!" धाररावांची थोरली भावजय आवडाई पुढे आली. तिचा नवरा पेठेत जळाला होता. "भावोजी, बेलभंडार उचललात तुम्ही, तहानेनं मरायचं आम्ही? या पोराला काय पाजू? तुमचा शब्द?"

धारराव तडक बंदीखान्यात गेले. घेणाऱ्यानं आपण होऊन कौल परत केला तर देणारा सुटतो, असा रिवाज होता.

"देसाई, हात जोडतो. कौल परत करा. पेठेचं पाप थोडं तरी फिटेल."

रायाजी हसला. ओठ फुटून रक्त आलं तरी हसला. "काकडे, दुसरा कोणी असता तर मी लढून मेलो असतो. तुम्ही सज्जन, म्हणून तलवार टाकली. आता तुमची सज्जनकी तुम्हीच निस्तरा."

हरामखोर होता, पण यात खोटं काय बोलला?

सूर्य कलला. आवडाईच्या पोरानं रडणं थांबवलं, आणि ते थांबणं धाररावांना ऐकवेना. त्यांनी डोईचं पागोटं उतरवलं, त्याच पागोट्यानं स्वतः रायाजीचे हात बांधले. सरनोबत पुढे झाला, त्याला त्यांनी मागे सारलं. "हे माझं एकट्याचं आहे."

"कौल! कौल!" रायाजी पायथ्यापर्यंत ओरडत गेला. खाली त्याला हत्तीच्या पायी दिलं. शत्रूनं मात्र आपला शब्द पाळला. गडकरी उतरले, ओढ्यावर पालथे पडून प्याले. आवडाईचं पोर जगलं.

आपल्या सरकारच्या दरबारात धाररावांनी कौल मोडल्याची सजा मागितली. मानकरी खो खो हसले. पेठ जाळणाऱ्याला दिलेला शब्द तो काय शब्द? सजा राहिली बाजूला, त्यांच्या हातात सोन्याचं कडं घातलं. थू!

पुढच्याच मोहिमेत त्यांनी एका गढीला वेढा घातला. आतले थकले होते, खाली यायला तयार होते. धारराव बेलभंडार घेऊन भिंतीखाली उभे राहिले, म्हणाले, "बाहेर या, एकालाही हात लागणार नाही."

"कौल देणार कोण?" आतून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"धारराव काकडे."

बराच वेळ आत कुजबुज चालली. मग आतल्यांनीच दारूकोठाराला बत्ती दिली.

गढीत बाया होत्या. तान्ही लेकरं होती.