वक्ता आढळला नाही

‘ड्राइव्ह आढळला नाही.’

बाजूला जोडलेल्या पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं आणि इरफान मुजावरने हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला. कणकवलीच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ध्वनिप्रयोगशाळेत सकाळपासून हाच खेळ चालू होता. टेबलावर एक लॅपटॉप पाठ उघडून पालथा पडला होता, आणि समोरच्या खुर्चीत मंदाकिनी कुबल बसल्या होत्या. देवसाळच्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. त्यांनी मैदानात हाक मारली की खाडीपलीकडच्या वाडीतली पोरं दप्तर उचलायची, असं गावात सांगतात, आणि ते खोटं नाही. आता मात्र त्यांच्या मांडीवर पाटी होती आणि हातात खडू, कारण त्यांचा आवाज त्या पालथ्या लॅपटॉपात अडकला होता.

घशाच्या कर्करोगात बाईंचं स्वरयंत्र काढावं लागलं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी मायक्रोफोनसमोर बसून दिवसच्या दिवस वाचन केलं होतं, आणि त्यातून त्यांचा ‘स्वरसंच’ तयार झाला होता. गळ्याला चिकटवलेली ‘कंठपट्टी’ स्नायूंची हालचाल टिपायची, पिशवीतला लॅपटॉप त्यावरून शब्द ओळखायचा आणि बाईंच्याच आवाजात बोलायचा. हे सगळं ‘स्वरसेतू’ नावाच्या कंपनीचं. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. मग कंपनीने प्रणालीत एक सुधारणा पाठवली आणि तिच्याबरोबर ‘सौम्यक’ आला.

बोलणाऱ्याच्या भाषेतला कडवटपणा काढून टाकायचा, हे या सौम्यकाचं काम. म्हणे ग्राहकांचं मानसिक आरोग्य. ग्राहकांना विचारलं होतं का? छे. बंद करायची सोय? तीही नाही. बाईंनी एसटीच्या कंडक्टरला ‘डोळे फुटले का तुझे’ म्हणायला घ्यावं आणि पिशवीतून आवाज यावा, ‘कृपया जरा लक्ष द्याल का?’ लोक हसायचे. एकदोनदा बाईही हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

कारण पुढे सुनावणी आली. देवसाळच्या खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना यायचाय. गोडं पाणी नळातून लांबच्या शहराला जाणार आणि उरलेलं जाड, खारट पाणी खाडीत सोडणार. ते तळाशी जाऊन बसतं आणि तळची कालवं, तिसऱ्या असे सगळे शिंपले गुदमरून मरतात. अर्धं गाव त्यांच्यावर जगतं. पहिल्या सुनावणीत बाई उभ्या राहिल्या, तुम्ही आमची खाडी मारायला निघालाय आणि आम्ही ते होऊ देणार नाही, असं त्यांनी ओठ आवळून, सगळा जीव एकवटून म्हटलं. आणि भरल्या सभागृहाने ऐकलं, ‘खाडीच्या आरोग्याबद्दल मला थोडी काळजी वाटते, पण आपण मिळून मार्ग काढू.’ बाईंच्याच आवाजात. इतिवृत्तात नोंद झाली की श्रीमती कुबल यांनी प्रकल्पाला तत्त्वतः पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी बाजारात एका कालववालीने त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवलं. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी होती.

उद्या शेवटची सुनावणी होती. लेखी हरकतींची मुदत उलटून गेलेली. सुनावणीत जो तोंडी बोलेल त्याचंच धरणार. म्हणून बाई इथे आल्या होत्या, डॉ. हर्षदा वायंगणकरकडे. हीही त्यांच्याच हाताखालून गेलेली, आता ध्वनिशास्त्रातली नावाजलेली तज्ज्ञ. तिच्या गटाने अशा यंत्रांसाठी एक मोकळी प्रणाली लिहिली होती, सौम्यकाशिवायची. तिचा बेत सरळ होता. स्वरसेतूची प्रणाली राहू द्यायची, तिच्या शेजारी ही दुसरी बसवायची, आणि लॅपटॉप चालू करताना हवी ती निवडायची. पण बसवायला घेतलं तर दुसऱ्या प्रणालीला ड्राइव्हच दिसेना.

इरफान हा प्रयोगशाळेचा यंत्रअभियंता. दुरुस्तीतल्या सगळ्यांची असते तीच त्याची रीत. दिसत नाही ना, मग बिघडलंय. त्याने ड्राइव्हची इवलीशी पट्टी काढली, टोकं पुसली, पुन्हा बसवली. नव्या प्रणालीची प्रत असलेला पेनड्राइव्ह बदलला. शेवटी नवी पट्टी आणायला निघावं म्हणून त्याने पाकीट उचललं, तेव्हा बाईंनी खडूने पाटीवर ठक्ठक् केलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं.

‘सकाळी याच ड्राइव्हवरून मी तुम्हाला नमस्कार केला.’

इरफानने ते वाचलं आणि पाकीट खाली ठेवलं. हर्षदाने कपाळावर हात मारून घेतला.

“ड्राइव्ह ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “आपल्याला तो दाखवला जात नाहीये.”

प्रणाली सुरू होण्याआधीचं मूळ नियोजनाचं पान, म्हणजे ‘सेटअप’, तिने उघडलं. तिथे एका कोपऱ्यात, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, साठवण नियंत्रकाची मांडणी लिहिली होती, ‘गुंफण’. मग तिने बाईंना नीट समजावून सांगितलं. एरवी ड्राइव्ह प्रणालीच्या समोर उघडा असतो. गुंफण मांडणीत मध्ये नियंत्रक येऊन बसतो आणि ड्राइव्ह त्याच्या पाठीमागे जातो. मोठ्या यंत्रांत अनेक ड्राइव्ह एकत्र बांधायला ही सोय कामाची असते, पण इथे ड्राइव्ह एकच. नियंत्रकाची भाषा जाणणारा ‘दुभाष्या’, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, ज्या प्रणालीकडे असेल तिलाच पलीकडचं दिसतं. बाकीच्यांना नियंत्रक सांगतो, इथे काही नाही.

“आणि दुभाष्या कंपनी देत नाही,” इरफान म्हणाला. “मी मागितला होता. उत्तर आलं की ग्राहकाच्या हितासाठी.”

बाईंनी लिहिलं, ‘दुसरा उपाय?’

उपाय होता. मांडणी ‘सरळ’ करायची. नियंत्रक बाजूला होतो आणि ड्राइव्ह समोर येतो. पण त्यात एक मेख होती. स्वरसेतूची प्रणाली नियंत्रकाचा हात धरूनच सुरू व्हायला शिकलेली होती. मांडणी सरळ केली की तिला स्वतःचाच ड्राइव्ह सापडणार नाही. साध्या लॅपटॉपात प्रणालीला सरळ मांडणी आधी शिकवून ठेवता येते. इथे कंपनीने ती वाटही बुजवली होती. शिवाय एकदा का तिला ड्राइव्ह सापडला नाही, की ती छेडछाड समजून कायमची बंद होणार. पुन्हा गुंफण करूनही उपयोग नाही. आणि स्वरसंचाला आत कुलूप असेल तर दुसऱ्या प्रणालीलाही तो उघडणार नाही.

“म्हणजे, बाई, तुमचा आवाज कायमचा जाऊ शकतो,” हर्षदा म्हणाली. “उद्या तुमच्या वतीने मी बोलते. तुम्ही शेजारी बसा.”

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पाटी पदराने पुसली आणि इतक्या जोरात लिहिलं की खडू मोडला. ‘असं गोड बोलत जगण्यापेक्षा मी मुकी बरी. कर.’

हर्षदाने केलं. गुंफण काढली, सरळ ठेवली, लॅपटॉप पुन्हा चालू केला. या खेपेला ड्राइव्ह दिसला. स्वरसंचाचा कप्पाही दिसला, आणि इरफान तो उघडून बघतो तर कुलूपबिलूप काही नाही. इरफानने कंपनीला एक शिवी हासडली आणि मग बाईंकडे बघून जीभ चावली. दारच कुणाला दिसणार नाही म्हटल्यावर कुलपाचा खर्च कशाला, असा तो सगळा हिशेब होता. म्हणजे आजवर बाईंचा आवाज कोंडून ठेवला होता तो केवळ ‘ड्राइव्ह आढळला नाही’ या एका खोट्या वाक्याने.

दुपार कलली तेव्हा दुसरी प्रणाली बसली. बाईंनी गळ्याची पट्टी दाबली. लॅपटॉपातून आधी नुसती खरखर आली आणि मग तो आवाज आला, सगळ्या शाळेचा थरकाप उडवणारा.

“रडतेस काय गाढवे, नाक पूस.”

हर्षदाने निमूट नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. सुनावणी अधिकारी सामंत मधल्या खुर्चीत, त्यांच्यापुढे ‘सभालेखक’ नावाचं यंत्र. बोललेलं आपोआप टिपून त्याचं इतिवृत्त करणारं. त्याच्या मोठ्या पडद्यावर प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्यांच्या नावांची रांग लागली होती. हे लोक सभागृहात नव्हते. लांबून, नोंदणी केलेल्या यंत्रांवरून त्यांची भाषणं येत होती, सगळी सभ्य, सगळी एकाच वळणाची. त्यातली खरी माणसं किती, देव जाणे.

बाईंचं नाव पुकारलं. त्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या. खाडीबद्दल, तळाबद्दल, कारखान्याच्या अहवालात ‘तिसऱ्या’ हा शब्दसुद्धा नाही त्याबद्दल, आणि मागच्या वेळी त्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्याबद्दल. आवाज मध्येच फाटत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. मागे बसलेल्या कालववाल्या उठून उभ्या राहिल्या. बाजारात तोंड फिरवणारी डोळ्याला पदर लावून रडत होती.

बाई खाली बसल्या. सामंतांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाईंच्या नावापुढे यंत्राने लिहिलं होतं, ‘वक्ता आढळला नाही.’

सामंतांनी दिलगिरीच्या सुरात सांगितलं की नोंद नाही म्हणजे हरकत धरता येणार नाही, नियम तसा आहे. सभागृहात गलका उसळला. हर्षदा उठून पुढे गेली आणि यंत्राचं नियोजनाचं पान बघू द्या म्हणाली. तिला काय सापडणार हे तिला चालता चालताच कळलं होतं. सभालेखकाची मांडणी ‘नोंदणीकृत स्वर’ अशी होती. खोट्या ध्वनिफिती कुणी वाजवू नयेत म्हणून, नोंदणी नसलेला यांत्रिक आवाज तो गोंगाट समजून टाकून द्यायचा. स्वरसेतूची प्रणाली गेली, तिच्याबरोबर बाईंची नोंदणी गेली. दुसरी मांडणी होती, ‘थेट’. तिच्यात सभागृहात जे कानांना ऐकू येईल ते सगळं लिहिलं जायचं.

तेवढ्यात कारखानावाल्यांचे वकील उठले. “मांडणी बदलायला आमची सक्त हरकत आहे.”

“का?” सामंतांनी विचारलं.

वकील हातातले कागद चाळू लागले. उत्तर हर्षदाने दिलं. थेट मांडणीत नोंदणीकृत स्वरांचा कप्पा उघडतच नाही. लांबून आलेली भाषणं या यंत्राला दिसणार नाहीत. दोन्हीपैकी एकच मांडणी चालते.

सामंत कचरले. इतकी झालेली नोंद घालवायची म्हणजे काय, असं काहीतरी ते पुटपुटले. तेव्हा बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

“सामंतसाहेब, मी बोलले ते तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं.”

“मग मी आहे. बिघाड माझ्यात नाही, तुमच्या मांडणीत आहे. काय जाणार ते मलाही काल माहीत होतं. तरी मी माझी बदलली.”

 सामंतांनी चष्मा सारखा करून स्वतःच्या हाताने मांडणी बदलली. पडद्यावरची पाठिंब्याची रांग वरपासून खालपर्यंत बदलत गेली. वक्ता आढळला नाही. वक्ता आढळला नाही. सामंतांनी जाहीर केलं की ज्यांची नोंद गेली त्यांनी इथे येऊन पुन्हा बोलावं, सभा संध्याकाळपर्यंत चालू राहील. वकील फोन घेऊन बाहेर पळाले. संध्याकाळपर्यंत त्या रांगेतलं एकही माणूस आलं नाही. कालववाल्या मात्र एकेक करून बोलल्या.

पण सगळ्यांत आधी बाई पुन्हा बोलल्या, अगदी पहिल्यापासून, आणि दुसऱ्या खेपेला त्या जास्तच चिडलेल्या होत्या. सभालेखकाने शब्दन् शब्द उतरवला. ‘तुम्ही आमची खाडी मारायला निघालाय आणि आम्ही ते होऊ देणार नाही.’

सभा उठली. सही घेण्यापूर्वी सामंतांचा लेखनिक छापलेल्या इतिवृत्ताचा कागद घेऊन बाईंजवळ आला. माणूस सज्जन होता, आवाज हळू होता. “बाई, हे ‘मारायला’ जरा कडक वाटतंय,” तो म्हणाला. “‘बाधित करण्याची शक्यता’ असं घालू का? अर्थ तोच राहील.”

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या लॅपटॉपकडे.

“एक अक्षर बदललंस तर याद राख,” त्या म्हणाल्या.