उजेडाच्या टोकाशी

जुनी फोर-व्हील जीप दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तिचे दोन्ही दिवे चालू होते. ते इतके मंद होते, की काचेपुढं तळहात धरल्यावर ठिणगीला ते चालू असल्याचं कळलं.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान तिच्या बाबांचं. लहानपणी तिनं पहिल्यांदा बॅटरीला हात लावला तेव्हा ठिणग्या उडाल्या, आणि तिथपासून सगळी गल्ली तिला याच नावानं हाक मारायची. आता दुकान तीच चालवायची, आणि बाबा स्टुलावर बसून चुका काढायचे.

"दिवे चालू राहिलेत तुमचे," ती म्हणाली.

"राहिले नाहीत, मीच ठेवलेत." तो खाली उतरला. तिशीचा, सडपातळ, बुटांना लाल चिखल. "बंद केले तर पुन्हा लागतील याचा भरवसा नाही."

"म्हणजे गाडी आणायला उशीरच केलात."

"दुकानात कोण असतं ते माहीत असतं, तर लवकर आणली असती."

बाबा मोठ्यानं खोकले. ठिणगीनं बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घातलं, कारण तिचे कान तापले होते.

तो वरच्या धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामाला होता. रोज संध्याकाळी साडेपाचला चढ चढून वर जायचं, आकडे लिहायचे, दरवाजे तपासायचे. जीप धरणाचीच, अकरा वर्षं शेडमध्ये पडून होती. दोन महिन्यांपूर्वी त्याची नेमणूक झाली आणि त्यानं ती खटपट करून चालू केली.

ठिणगीनं मीटर लावला. बॅटरीशी बारा व्होल्ट भरत होते, दिव्याशी पोचेपर्यंत जेमतेम नऊ. जुनी बारीक वायर सगळा उजेड वाटेतच खात होती. मग तिनं त्याला समजावलं, की नुसते बल्ब बदलून भागायचं नाही. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची, मध्ये रिले, म्हणजे दिव्यांना थेट वीज सोडणारे छोटे स्विच, बसवायचे, गंजलेले अर्थिंगचे बोल्ट घासायचे, दिव्यांतल्या, उजेड पुढं फेकणाऱ्या काळवंडलेल्या वाट्या काढून नव्या घालायच्या. त्याला भगभगीत पांढरे दिवे हवे होते. ती नको म्हणाली. धुक्यात पांढरा उजेड म्हणजे डोळ्यांपुढं ताणलेली चादर. त्यापेक्षा बंपरखाली दोन पिवळे दिवे लावू, बुटके आणि रुंद.

गाडी ठेवून घेता येत नव्हती. सकाळी तो ती आणायचा, ती थोडं काम करायची, संध्याकाळच्या आत तो घेऊन जायचा. दोन दिवसांचं काम आठवडाभर चाललं, आणि बाबांशिवाय कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. तो पाने हातात द्यायचा, हमखास चुकीचे. ती म्हणाली, धरण कसं सांभाळता हो तुम्ही? तो म्हणाला, पाणी एवढं घाबरवत नाही... कुणीकुणी माणसं घाबरवतात.

पाचव्या दिवशी मात्र त्यानं विचारलं, उजेड अजून वीस पावलं लांब पडेल असं करता येईल का.

"एवढं काय बघायचंय लांबचं?"

त्यानं मागं वळून बाबा आत गेलेत ना ते पाहिलं. मग म्हणाला, "एक माणूस."

धरणाच्या खालच्या वळणावर धुकं उतरलं, की कुणीतरी गाडीच्या पुढं चालायचं. उजेड जिथं संपतो तिथं, बरोबर त्या टोकाशी. पाठमोरं, अंगावर काहीतरी पांढरं. यानं गाडी हळू केली तर तेही हळू चालायचं. वेग वाढवायचं धाडस त्यानं केलं नव्हतं, कारण डाव्या अंगाला दरी होती. वळण संपलं की ते नाहीसं व्हायचं. त्यानं धरणावरच्या पहारेकऱ्याला सहज म्हणून विचारलं, तेव्हा कळलं, की आधीचा मोजणारा याच गाडीत, याच वळणावर गेला होता. छातीत कळ आली असणार. सकाळी सापडला तेव्हा हात स्टिअरिंगवर होते, आणि दिवे जळूनजळून बॅटरी संपलेली.

"बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय मी," तो म्हणाला. "नसलेली माणसं ज्याला दिसतात, त्याच्या हाती धरणाचे दरवाजे देऊ नयेत. एकदा माझ्याबरोबर वर चला. तुम्हाला काही दिसलं नाही, तर सोमवारी अर्ज देतो."

ठिणगी हसली नाही. ती हो म्हणाली. आणि रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली – आपल्याला काही दिसलं नाही तर हा जाणार, आणि दिसलं तर...

शनिवारी दुकानासमोरच्या भिंतीवर खडूच्या रेघा मारून तिनं दिव्यांचा नेम धरला. शेवटचा स्क्रू आवळला. बाबांनी एवढंच विचारलं, मीटर घेतलास का. घेतला होता. मग त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

अर्धा चढ होईतो सगळं छान होतं. नवे दिवे ऐटीत जळत होते. तिनं डॅशबोर्डवर थाप मारून विचारलं, कसे आहेत? तो म्हणाला, दिव्यांबद्दल विचारताय ना? चिखल लागला तसा त्यानं दांडा ओढून फोर-व्हील लावली, आणि त्याचं कोपर तिच्या बाहीला लागलं. दोघंही ओशाळली... आणि तेवढ्यात धुकं आलं.

ते समोरून नाही, खालून आलं, दरीतून वर चढत. झाडं गेली, कठडा गेला. इंजिनाचा आवाजसुद्धा दबला. आणि उजेडाच्या टोकाशी, पूर्वीपेक्षा वीस पावलं पुढं, कुणीतरी चालत होतं.

पाठमोरं. खांद्यावरून पांढरं लोंबणारं. ना घाई, ना थांबणं.

तो रस्त्याकडे पाहतच नव्हता, तिच्या तोंडाकडे पाहत होता. नाही म्हणावं, असंही ठिणगीला एकदा वाटून गेलं. नाही म्हटलं, की हे सगळं इथंच संपेल, भीतीसकट. पण हा माणूस स्वतःला वेडा समजत खाली उतरेल.

"दिसतंय," ती म्हणाली. "मलाही दिसतंय."

त्यानं श्वास सोडला, जणू दोन महिने तो कोंडूनच ठेवला होता.

मग तिनं हात पुढं करून पिवळ्या दिव्यांचं बटण दाबलं. उजेड धुक्याखालून रस्त्यावर पसरला, दोन्ही कडांपर्यंत, गवतापर्यंत. आणि त्या उजेडात आधी दिसल्या त्या वहाणा. झिजलेल्या, डाव्या पायाला सुतळी बांधलेली. वळणाच्या शेवटी त्या वहाणा डावीकडे वळल्या आणि गवतातल्या पायवाटेनं खाली उतरल्या. गाडीच्या जुन्या उजेडात ती वाट कधी दिसलीच नव्हती.

"थांबवा," ठिणगी म्हणाली. ती उतरलीसुद्धा. तो धावत मागून आला आणि त्यानं तिचा हात धरला. कुणी कुणाला आधार देत होतं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पायवाट एका खोलीच्या घराशी संपत होती. दारात साठीची बाई पांढरी शाल झटकत उभी होती. त्यांना पाहून ती दचकली नाही. या, म्हणाली, आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

ती आधीच्या मोजणाऱ्याची बायको होती. तेव्हाही दिवे असेच मरतुकडे होते, म्हणून धुक्याच्या दिवसांत ती दरीच्या कडेनं गाडीपुढं चालायची, अंगावर पांढरी शाल घेऊन. तिच्या उजवीकडून गाडी काढली की दरी चुकायची. तो गेला त्या दिवशी ती तापानं अंथरुणात होती. अकरा वर्षांनी त्याच इंजिनाचा आवाज आला, आणि पाय आपोआप निघाले.

"हाक तरी मारायची, मावशी," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

"चढावर थांबलं की गाडी मागं येते, बाळा." तिनं आधणात चहापूड टाकली. "आणि वळून बघितलं असतं तर दुसराच कुणी दिसला असता. म्हणून चालताना वळले नाही. आता एवढे दिवे लागलेत, बरं झालं. गुडघे फार दुखतात माझे."

तिघंही हसली. मग तिनं ठिणगीच्या हातात कप दिला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आज बांधलेस होय केस? रोज मोकळे असतात."

"रोज? मी आज पहिल्यांदाच आले, मावशी."

"पायवाटेवर उतरले की वरून गाडी जाताना बघते की मी. याच्या शेजारी, माझ्याच बाजूला बसलेली असतेस. दोन महिने बघतेय. तूच." तिनं ते सहज सांगितलं आणि ती भांडी विसळायला वळली.

दोघं पायवाटेनं गाडीपाशी परत आली. दिवे जळत होते. ठिणगी मनातल्या मनात कारण शोधत होती, काचेतलं प्रतिबिंब, धूसर उजेड, म्हातारी नजर. पण ती दुकानातून इतकी लांब कधी आली नव्हती, आणि केस तर बाबांपुढंही तिनं कधी मोकळे सोडले नव्हते. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"दोन महिने मी एकटाच होतो इथं," तो हळूच म्हणाला. "शपथेवर सांगतो. कधीकधी मात्र... वळणावर एकटं वाटायचं नाही. घाबरलात?"

"घाबरले. तुम्ही?"

"मीही. पण बदली नकोय मला आता. तुम्ही जिथं आहात तिथून लांब जायचं नाहीये." तो थांबला. "बसाल?"

तिनं दार उघडलं. आत डोकावून पाहिलं. सीट रिकामी होती. ती बसली. अर्धा तास रिकाम्या उभ्या असलेल्या, धुक्यानं गारठलेल्या गाडीतली ती सीट उबदार होती, नुकतंच कुणी उठून जागा करून द्यावी तशी.

तिनं त्याला ते सांगितलं नाही. तिनं केसांतली क्लिप काढली आणि केस खांद्यावर सोडले.

"चला," ती म्हणाली. "आकडे लिहायचे राहिलेत तुमचे."