भुऱ्याला न्यायला कोण येणार

ही गोष्ट रात्रीची नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, हे मला माहीत आहे. पण ती माझ्याकडे नाही. जे झालं ते नागपुरात झालं, रामदासपेठेतल्या एका जनावरांच्या दवाखान्यात, याच वर्षीच्या मे महिन्यात. भर दुपारी. बाहेर डांबराला चप्पल चिकटत होती.

आणि झालं... एवढं नक्की. शपथ घेणार नाही. शपथ घेणाऱ्यांवर माझाच विश्वास नसतो. त्यापेक्षा मी काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं आणि काय मला कळलंच नाही, हे वेगवेगळं ठेवतो.

पाहिलेलं

माझे वडील, ताराचंद, खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. निवृत्तीनंतर आम्ही क्वार्टर सोडून मानकापूरला आलो. यंदा थंडी सरता सरता ते गेले.

घरात उरलो तिघं. मी, आई आणि भुऱ्या.

भुऱ्या बाबांचा कुत्रा. गावठी, मातकट रंगाचा, एक कान दुमडलेला. बाबा बसले की बसायचा, उठले की उठायचा. बाबा गेल्यावर तो त्यांच्या खाटेखाली जाऊन पडला.

आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. बाकी सगळं भुऱ्याशी. त्याच्यासाठी भाकर टाकायची, तो खायचा, मग उरलेली चतकोर ती खायची. त्याने तोंड फिरवलं की ती ताट झाकून ठेवायची.

मला सरळ दिसत होतं. भुऱ्या आहे तोवर आई आहे.

मे लागला आणि भुऱ्याने खाणं सोडलं.

आईनंही.

पाहिलेलं, पण अर्धंच

ऑटोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर जया मॅडम. त्यांनी भुऱ्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत गोचिडं.

"गोचीड ताप आहे. रक्तातल्या पेशी फार उतरल्यात. ॲडमिट ठेवावं लागेल, सलाईन चालेल. आणखी उशीर केला असता तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आईने माझा हात धरला. बाबा गेले तेव्हाही तिने असा धरला नव्हता.

तेवढ्यात बाहेरून ऑटोवाला हॉर्न मारायला लागला. मी त्याला थांबवायला गेलो.

आत जे बोलणं झालं ते मला नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तर...

मीही वाक्य पुरं करत नाही.

ऐकलेलं, मॅडमकडून

त्या दवाखान्याची एक रीत आहे. जनावर ठेवून जायचं असेल तर पिंजऱ्यात त्याच्या माणसाचं अंगावरचं कापड ठेवायचं. न धुतलेलं. वासाने जनावर शांत राहतं, सुई ओढून काढत नाही.

पण त्या रीतीला दुसरी बाजू आहे. ज्याचं कापड, न्यायलाही त्यानेच यायचं. जनावर दिवसभर त्या वासापाशी बसून त्याच माणसाची वाट पाहतं. भलताच आला तर चावतं, नाहीतर घरी जाऊनही खात नाही. मॅडम हे प्रत्येकाला बजावून सांगतात, पुढे मलाही सांगितलं.

त्यांनी आईला विचारलं, "हा घरात कोणाच्या मागे मागे असतो?"

"ह्यांच्या," आई म्हणाली आणि पिशवीतून बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा काढला. बाबांचे कपडे आम्ही देऊन टाकले होते. एवढा दुपट्टा तिने पेटीत तसाच ठेवला होता, घामाच्या वासासकट, आणि भुऱ्याला धीर म्हणून सोबत आणला होता.

"मग न्यायला काकाच येतील ना? नक्की?"

"येतीन ना," आई म्हणाली. "काहून नाही येणार?"

मॅडमनी दुपट्टा पिंजऱ्यात अंथरला.

ऐकलेलं, नत्थूभाऊंकडून

नत्थूभाऊ तिथले कंपाउंडर. रात्री दवाखान्यातच झोपायचे, दुपारी दवाखाना बंद झाला की कुलूप लावून जेवायला घरी जायचे. म्हणजे जनावरं ठेवायच्या मागच्या खोलीत माणूस नसायचा तो फक्त दुपारी. आत भुऱ्या, कूलर आणि एक पोपट.

राखाडी आफ्रिकन पोपट. जरीपटका भागातल्या एका सिंधी घरातला, पंख दुखावला म्हणून आलेला. तो दोनच गोष्टी बोलायचा. "चाय पी ली?" आणि "गेट बंद कर!"

एका संध्याकाळी नत्थूभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"अंकुश भाऊ, तो पोपट खोकलून राहिला."

"मग औषध द्या की."

"त्याले खोकला नाही झाला जी. तो कोणाचा तरी खोकला करून राहिला. म्हाताऱ्या माणसाचा. असा..."

त्यांनी करून दाखवला. दोन कोरडे, मग एक लांब ओढलेला. मग घशात खर्रर्र...

वीज केंद्राच्या राखेत उभं आयुष्य गेलेल्या माणसाचा खोकला.

मी तो झोपेतही ओळखला असता.

"आणि आज सकाळी म्हणते," नत्थूभाऊ म्हणाले, "काहून गा, जेवला नाही?"

"तुम्हीच बोलला असाल त्याच्यासमोर."

"मी? मी तर त्याच्यासंग हिंदीच बोलतो. सिंधी पार्टीचा पोपट हाय, मराठी शिकला तं मॅडम मलेच झोडपन!"

ते हसले. मीही हसलो. पोपट ऐकतो तेच बोलतो, हे दोघांनाही माहीत होतं.

बंद खोलीत तो कोणाचं ऐकत होता?

पाहिलेलं

दुसऱ्या दुपारी मी स्कूटरने गेलो. नत्थूभाऊंना म्हटलं, मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली काढली.

मी पुढच्या बाकावर बसलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. फिनाइलचा वास. आत कूलरची घरघर आणि वाळ्याच्या जाळीवरून ठिबकणारं पाणी.

बराच वेळ काहीच नाही.

मग लाईट गेली.

कूलर हळूहळू थांबला. ठिबकणं थांबलं. रस्त्यावरून एक गाडी नाही, एक माणूस नाही.

आणि मग...

टप.

टप... टप...

पिंजऱ्याच्या पत्र्यावर शेपूट आपटत होती. कितीतरी दिवसांनी. बाबा फाटक उघडायचे तेव्हा आपटायची, तशी.

मग खोकला. दोन कोरडे. एक लांब.

पोपट आहे, मी स्वतःला सांगितलं. पोपटच आहे.

"उठ गा भुऱ्या. झालं आता. चाल."

पिंजऱ्याची कडी वाजली.

मी दार ढकललं.

पोपट डोकं पंखात खुपसून झोपला होता. अंगाचा गोळा करून, एका पायावर. तो बोलला नव्हता.

पिंजऱ्याचं दार उघडं. कडी बाहेरून असते, ती वर उचललेली. भुऱ्या उभा होता, पायातली सलाईनची नळी ताणलेली. तो माझ्याकडे पाहत नव्हता. रिकाम्या स्टुलाच्या थोडं वर पाहत होता... उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतात तसं.

आणि दुपट्टा पिंजऱ्यात नव्हता. स्टुलावर होता. लांबीत चार घड्या, मग मधून एक. ड्युटीला निघताना खांद्यावर टाकायला बाबा घालायचे तशी घडी.

खोलीत गार होतं. कूलर बंद, बाहेर आग, आणि खोलीत गार.

"बाबा," मी म्हणालो. "ह्याला नेऊ नका. आई जाईल मग."

भुऱ्याची मान हळूहळू वळली. जणू कोणी स्टुलापासून माझ्याकडे चालत येत होतं आणि तो त्याला नजरेने सोबत करत होता.

माझ्याजवळ येऊन ती नजर थांबली.

माझ्या खांद्याच्या मागे.

इथे काही वेळ गेला. तो कसा गेला मला माहीत नाही.

लाईट आली, कूलर धडधडला. मी भुऱ्याला पिंजऱ्यात बसवलं. अंगातला घामाने भिजलेला शर्ट काढून त्याच्याखाली सारला. दुपट्टा उचलला. न्यायला मी येणार, मीच, असं त्याच्या कानात पुन्हा पुन्हा सांगितलं.

कुलूप उघडलं तर नत्थूभाऊ दारात.

"काहून भाऊ, बनियानवरच चालले का? पापड होईन तुमचा उन्हात!"

मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि बाजूला झाले.

दुपट्टा मी स्कूटरच्या डिकीत टाकला. कन्हान नदीत सोडायचं ठरवलं होतं. उन्हं उतरली की जाऊ म्हटलं, पण ते रोज उद्यावर गेलं.

पाहिलेलं, आणि मी एकट्याने नाही

भुऱ्या सुधारला. पेशी वर आल्या. सोडायच्या दिवशी आई हट्टाने सोबत आली.

"काका नाही आले?" मॅडमनी विचारलं.

बाबा थंडीतच गेले, हे तेव्हा कुठे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या हातातली सुई ट्रेमध्ये पडली.

भुऱ्या माझ्याजवळ आला, माझा शर्ट हुंगला आणि निमूट चालू लागला. मला रडू येणार होतं.

तेवढ्यात मागून पोपट खोकला.

दोन कोरडे. एक लांब.

आईने पटकन डोक्यावरचा पदर सारखा केला. विचार न करता. हात आपोआप गेला.

"सुभे," पोपट म्हणाला.

घरात चारचौघांत बाबा तिला अंकुशची माय म्हणायचे. सुभे हे नाव मी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, लहानपणी, मी झोपलोय असं समजून ते बोलत असताना.

"ह्याले राहू दे पोराजवळ, सुभे. तूच चाल."

मॅडम भिंतीला टेकल्या. नत्थूभाऊ बाहेर निघून गेले.

घाबरली नाही ती फक्त आई.

ती लाजली.

न कळलेलं

घरी आल्यावर भुऱ्या जेवला. आईही जेवली, पोटभर, कितीतरी महिन्यांनी. स्वतःहून न्हाली, केस विंचरले. मला वाटलं, वाचलो.

संध्याकाळी कन्हानला जायला डिकी उघडली.

रिकामी.

आई तिच्या खोलीत खाटेवर पडली होती. अंगावर नवं पातळ. उशीवर दुपट्टा, त्यावर गाल.

"आई, दे इकडे ते."

"नाही देत. माझ्या माणसाचं हाय."

"आई..."

"कापड ठेवलं म्हणजे न्यायले त्याच माणसाले या लागते. डाक्टरीण बाईनंच सांगतलं."

मी ओढायला गेलो. तिने तो असा धरला होता की तिची बोटं मोडावी लागली असती.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. अंगातला शर्ट काढला आणि तिच्या उशाशी ठेवला.

ती हसली. अगदी मायेने.

"येडा रे येडा. तू कुठं नेशीन मले?"

मी शर्ट तिच्या गालाजवळ आणखी सरकवला.

त्यानंतर मी कामावरून सुट्टी घेतली. दुपारी ती आत पडते, दार लोटून घेते. मी बाहेर चटईवर बसतो. आधी भुऱ्या तिच्या खाटेखाली झोपायचा. आता दुपारी तो आत जात नाही. उंबऱ्याबाहेर माझ्याजवळ बसतो आणि दाराकडे पाहून शेपूट आपटतो.

टप... टप...

आत आई बोलत असते. शब्द कळत नाहीत. थोडं बोलते, थांबते. समोरच्याने काही सांगावं इतकं थांबते. मग "हो" म्हणते.

मी दर वेळी दार ढकलतो. दर वेळी ती एकटीच असते. माझा शर्ट जमिनीवर पडलेला. मी उचलून परत उशाशी ठेवतो. तोच, अजून धुतलेला नाही.

काल लाईट गेली होती. कूलर थांबला. कितीतरी दिवसांची झोप माझ्या डोळ्यांवर होती, डोकं भिंतीला टेकलं होतं. तेव्हा पहिल्यांदा तिचे शब्द नीट ऐकू आले.

"थांबा जी थोडं... पोरगं बाहेर बसून हाय. त्याचा डोळा लागू द्या."