दारफाळणीला घेतलेलं नाव

अबाजी तेल्याचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून बुधवार पेठेत त्याला शनवार तेलीच म्हणत. त्याच्या यहुदी लोकांचा वर्षाचा मोठा उपास म्हणजे दारफाळणी. आदल्या संध्याकाळी न्हाऊन, पांढरं नेसून उंबऱ्यात उभं राहायचं, घरातल्या मेलेल्यांना नावानं हाक मारून आत घ्यायचं आणि दार लावायचं. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. झाल्या पापांची क्षमा मागत बसायचं आणि चांदण्या दिसल्या की दार उघडून मेलेल्यांना वाट मोकळी करून द्यायची.

त्या वर्षी पानिपताला नऊ महिने होत आले होते. तोफखान्याच्या गाड्यांबरोबर गेलेल्या त्याच्या मुलाची, मुसाजीची, काही खबर नव्हती. माझ्या पोराचं नाव घेऊ नका, तो जिवंत आहे, असं बायडाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं. अबाजीनं मान डोलावली. पण संशयाला औषध नाही. पोरगा गेलाच असेल तर वर्षभर बाहेर ताटकळेल, या धास्तीनं त्यानं सगळ्यात शेवटी, ओठांतल्या ओठांत, मुसाजीलाही हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. बोळातून आपट्याची पानं वाटत लोक हिंडत होते. भर दुपारी दारावर थाप पडली.

"बाबा, दार उघडा."

मुसाजीचाच आवाज. अबाजीला रडूच कोसळलं. मेलेला कशाला दार वाजवील, तो तर कालच आत आला असता. पोर जिवंत होतं. नेम मोडला तर मोडला, म्हणत तो उठला.

बायडाबाई त्याच्या आधी दाराशी पोहोचली होती. फळीला कान लावून ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो... बाहेर कुणी नाही. थाप आतून पडतेय."

दोघांच्या मधे, हाताच्या अंतरावर, पुन्हा थाप पडली. कडी हलली. तेलाच्या वासात मुरलेल्या त्या घरात उकरलेल्या मातीचा वास भरला.

"काल दिवेलागणीला शिरूरपर्यंत आलो होतो, बाबा," आवाज म्हणाला. "चालतच होतो... तुम्ही हाक मारलीत."

बायडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. क्षमा मागायच्या त्या दिवशी अबाजी तिच्याकडे पाठ करून बसला.

चांदण्या दिसल्यावर त्यानं दार सताड उघडलं आणि बाजूला झाला. बाहेर पडायला वाट मोकळी होती. उघड्या दारावर थाप पडतच राहिली.