कपाटातलं कार्ड कोणी वापरलं?

इचलकरंजीच्या प्रथमेश हावळ यांचं क्रेडिट कार्ड कपाटात, कुलपाआड होतं. तरीही २०४३ सालच्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात त्यावर तीन वेळा पाच-पाच हजारांचा खर्च पडला. किल्ली कुठे असते ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. त्यातली त्यांची बायको प्रशिक्षणासाठी सोलापूरला गेलेली. उरली त्यांची अकरा वर्षांची मुलगी स्वरांगी.

"स्वरू, खेळाबिळासाठी कार्ड घेतलं होतंस का? मी रागावणार नाही," पप्पांनी हळूच विचारलं.

ते रागावले असते तर तिला इतकं लागलं नसतं. नाही एवढंच म्हणून ती तडक शेजारच्या गल्लीत आजोबांकडे गेली. हे तिच्या आईचे वडील. बँकांचे निरोप वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत, यासाठी त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं होतं. आता घरी त्यांच्या सोबतीला बिंदू होता, त्यांनीच जोडलेला गुडघ्याएवढा यंत्रमानव.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जावयाला कार्ड घेऊन बोलावलं. कोणी घेतलं, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. एका चिठ्ठीवर त्यांनी कार्डाचा नंबर, त्याची मुदत आणि मागचे तीन आकडे लिहिले, कार्ड बिस्किटांच्या डब्यात बंद केलं आणि डबा स्वरांगीच्या मांडीवर ठेवला. मग संगणकावर त्यांनी एक खोटं खोटं दुकान उघडलं. बिंदूने चिठ्ठी वाचली आणि पाच सेकंदांत दोन डझन आंबे विकत घेतले. डबा होता तसाच बंद होता.

"दुकानाला कार्ड दिसत नाही, फक्त आकडे कळतात," आजोबा म्हणाले. "आकडे ज्याच्याजवळ, कार्ड त्याच्याजवळ."

स्वरांगीने थोडा विचार केला. "मग आपले आकडे कोणाजवळ आहेत?"

पप्पांनी सांगायला सुरुवात केली. ते कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करून जुळवणारा कारागीर) होते. जानेवारीत तिथे स्वतःच स्वतःला दुरुस्त करणारे माग आले आणि त्यांचं काम गेलं. फेब्रुवारीत मोबाइलवर एक पत्र आलं. घरी बसून परदेशातल्या मागांवर संगणकाच्या पडद्यावरून लक्ष ठेवायचं, पगार महिना साठ हजार. मुलाखत नाही, काही नाही. फक्त ओळख पटवण्यासाठी कार्डाने एक रुपया भरायचा. त्यांनी तो भरला, मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा (खर्चाला होकार देणारा, एकदाच चालणारा आकडा) दिला.

"एक रुपयाच तर होता, मामा," ते सासऱ्यांना म्हणाले.

ओटीपी एकदाच चालतो, तर पैसे तीनदा कसे गेले, हे स्वरांगीला कळेना. ज्या पानावर रुपया भरला होता, ते आजोबांनी उघडायला लावलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. बिंदूने ती मोठ्याने वाचली. पुढच्या सर्व रकमा न विचारता घेण्यास माझी संमती आहे, असं तिथे लिहिलेलं होतं.

"त्यांना रुपया नको होता," आजोबा म्हणाले. "तुमचे आकडे आणि तुमचा होकार हवा होता. खरा मालक कामाचे पैसे देतो, प्रथमेशराव. कामावर घेण्यासाठी मागत नाही."

तिथूनच बँकेला फोन करून पप्पांनी कार्ड बंद केलं, ती संमती रद्द करून घेतली आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. फोन ठेवल्यावर त्यांनी मुलीला जवळ ओढलं.

"चूक माझी होती, आणि विचारलं मात्र तुला," ते म्हणाले. ती बाजूला झाली नाही.

आजोबांनी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. खऱ्या नंबराऐवजी बँक टोकन (एका दुकानापुरता, एका रकमेपुरता दिलेला बदली नंबर) देऊ शकते. त्यांनी आपल्या खोट्या दुकानासाठी तसं एक टोकन बनवलं. बिंदूने त्या टोकनाने आंबे घेतले. लगेच पुन्हा घ्यायला गेला, तर दुकानाने नकार दिला. दुसऱ्या दुकानातही तेच. चोराने असा नंबर पळवला, तरी त्याच्या हाती रिकामं टरफल लागतं, हे स्वरांगीने स्वतः तीनदा करून पाहिलं.

पुढच्या महिन्यात दोन रकमा परत आल्या. तिसरीची चौकशी अजून चालू होती. पण पप्पांना वेगळीच काळजी लागली होती. तेच पत्र काम गेलेल्या इतर जॉबरांनाही आलं असणार. रविवारी त्यांनी नऊ जणांना समाजमंदिरात बोलावलं. लोक हसतील या भीतीने त्यांना सकाळपासून अन्न गेलं नव्हतं. स्वरांगी आणि बिंदू सोबत गेले.

पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "मी फसलो." मग त्यांनी सगळं सांगितलं, रुपयापासून ओटीपीपर्यंत. कोणी हसलं नाही. मागच्या खुर्चीवर बसलेले साठीचे बाबूकाका उठले.

"परवा मीही तो रुपया भरलाय," ते म्हणाले. "पोरांना सांगायची लाज वाटली. आता उशीर झाला का?"

"नाही, काका," पप्पा म्हणाले. "मी बँकेला फोन लावतो. तोवर हे होतं कसं, ते आमची स्वरू सांगेल."

बाबूकाकांनी आपली खुर्ची तिच्यासमोर सरकवली. इतरांनीही सरकवल्या. स्वरांगीने बिंदूला जवळ बोलावलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.